सातव्या रकान्यातलं कारण

अर्जाच्या सातव्या रकान्यात लिहिलं होतं : पट्टी – नाही. त्याखाली कारण लिहायला दोन ओळी मोकळ्या असतात. त्या मीच ठेवायला लावल्या होत्या, संघाचा हा अर्ज पहिल्यांदा छापला तेव्हा. लोक तिथे काहीबाही लिहितात. गंजून पडली, आधीच्या मालकाने काढली, चोरीला गेली, माहीत नाही. एकाने तर ‘पट्टी होती असं वडील म्हणायचे’ एवढंच लिहिलं होतं, आणि आम्ही आठवडाभर चहाच्या वेळी त्यावर हसलो होतो. या अर्जात मात्र निळ्या शाईने, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं : माझ्या हातून केरात गेली. खाली वहिनीची सही होती. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षरं हलली नव्हती. खिडकीखालच्या टायरच्या दुकानात कुणीतरी हवा भरत होतं आणि त्या यंत्राची धडधड माझ्या टेबलापर्यंत येत होती. शिपायाने विचारलं, साहेब, पाणी आणू का? म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी दिसत असणार.

मी जुन्या मोटारींच्या संघाचा तपासनीस. एखादी गाडी खरी की जोडतोड करून उभी केलेली, हे मी सांगतो, आणि मी सांगितलं की ते तसं होतं. लोक मला भिंग म्हणतात. समोर भिंगसाहेब, पाठीमागे नुसतं भिंग. खिशात कायम भिंग असतं म्हणून, आणि बहुधा नाक वर करून बोलतो म्हणूनही. ज्यांना या खुळाचा वाराही लागलेला नाही त्यांना सांगतो : जुन्या गाडीचं इंजिन बदललेलं चालतं, रंग बदललेला चालतो, गादी उंदरांनी खाल्लेली असली तरी चालते. पण बोनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर कारखान्याने ठोकलेली एक पट्टी असते, बोटाएवढी, ॲल्युमिनियमची. तिच्यावर गाडीचा आकडा असतो आणि ती फुलासारख्या डोक्याच्या दोन रिबिटांनी बसवलेली असते. ती असली तर गाडी. नसली तर जुन्या पत्र्यांचा ढीग. शहाणीसुरती माणसं त्या पट्टीसमोर वाकताना मी पाहिली आहेत. मीही तीस वर्षं वाकत आलो आहे.

संघाचा नियम असा आहे की तपासनीसाने नात्यातल्या माणसाची गाडी तपासू नये. नियम माझाच. चिटणिसाने अर्जावर नाव पाहिलं आणि म्हणाला, घरचीच गाडी आहे, तुम्हीच जाऊन या, तासाभराचं तर काम, शिवाय पट्टी नाही म्हणजे तसाही निकाल लागल्यातच जमा. मी नियम दाखवायला हवा होता. दुसऱ्या शहरातून माणूस बोलवा म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, बघतो. दुसरा माणूस आला असता तर त्याने मागची गादी उचलली असती का? बहुतेक नसती. पण बहुतेकच्या भरवशावर मी आयुष्यात काही सोडलेलं नाही. म्हणून मी गेलो. वहिनीसाठी गेलो नाही, दादाच्या आठवणीने तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दादा जाऊन अकरा महिने झाले होते. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले आणि दादाने मला वाढवलं, असं आमच्या घरी पाहुण्यांना सांगायची पद्धत होती, आणि प्रत्येक वेळी ते ऐकताना माझी मान आपोआप खाली जायची. गॅरेज त्याचं होतं. मी त्यात बसवलेला होतो. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक पंख्याच्या पट्ट्यात गेलेलं होतं. मी नऊ वर्षांचा असताना गेलं ते, आणि मला त्या संध्याकाळचा रॉकेलचा वास अजून आठवतो, कारण हात धुवायला दुसरं काही नव्हतं. पत्र्याच्या खड्ड्यात लांबी, म्हणजे रंगाआधीचं पुटीन, भरली की लोक ती पात्याने सपाट करतात. दादा तीन बोटांनी करायचा. म्हणायचा, हात आधी, डोळे मागून. त्या थोट्या बोटामुळे त्याने फिरवलेल्या लांबीत मधोमध एक बारीक सरी उरायची, केसाएवढी, रंगाखाली जाणारी. ती कुणाला दिसायची नाही. मला दिसायची. मी त्याला एकदा सांगितलंही, तेव्हा तो हसून म्हणाला, असू दे, तेवढीच माझी सही. सही करायचं त्याला वावडंच होतं. कागद पाहिला की त्याला घाम फुटायचा.

ही गाडी त्याने भंगारवाल्याकडून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. कागदपत्रं नव्हती. मालकाचा पत्ता नव्हता. होती ती फक्त पट्टी, बोनेटखाली, शेणामातीने भरलेली. दादाने ती थुंकी लावून रुमालाने पुसली आणि आकडा मोठ्याने वाचला. शेवटचा सात होता आणि त्या साताचा पाय तुटलेला होता. त्या वर्षी कारखान्यातला साताचा ठसा फुटका होता, हे आम्हाला पुढे कळलं. मग अकरा वर्षं तो त्या गाडीला चिकटून होता. दिवसभर लोकांच्या गाड्या, संध्याकाळी ही. वहिनी कंदिलासारखा हातदिवा धरून उभी राहायची, कारण तो मला धरायला सांगायचा आणि मी कंटाळून हात हलवायचो. आणि मागच्या गादीखाली, सांगाड्याच्या उजव्या बाजूच्या लोखंडी तुळईवर, कारखान्याने तोच आकडा दुसऱ्यांदा ठोकलेला आहे, हा शोध दादाचाच. कुठल्याही पुस्तकात तो नव्हता. त्याने मला बोलावून, माझं बोट धरून त्या खोलगट आकड्यांवरून फिरवलं होतं. पुढे मी या माहितीवर नाव कमावलं. भिंगाला लपलेला आकडा माहीत असतो, असं लोक म्हणायला लागले. कुणी शिकवलं हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगायची घाई केली नाही.

रंग द्यायच्या आधी पट्टी काढायची असते. दादा रिबिटा जपून सोडवायचा आणि पट्टी आणि रिबिटा एका गोल पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा फळीवर ठेवायचा. झाकण दाबून बसवायचं, टक् आवाज येईपर्यंत. हा त्याचा दंडक होता. झाकण उघडं टाकलेलं दिसलं की तो काही न बोलता काम थांबवायचा आणि ते लावून परत यायचा, म्हणजे बोलण्यापेक्षा वाईट. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या हाताला ते वळण पडलं होतं. आजही मी बाटलीचं बूच उघडं ठेवू शकत नाही.

त्या काळात एक औषधांचे कारखानदार गावभर जुन्या गाड्या गोळा करत होते. त्यांच्याकडे अशीच एक गाडी होती, म्हणजे गाडीचा सांगाडा. पुढचा भाग एकीचा, मागचा दुसरीचा, दारं घडवून घेतलेली, पट्टी कधीच गेलेली. औषधवाले मला म्हणाले, तुमच्या भावाच्या हाताखाली किती दिवस पाने पुसणार? ही उभी करून दाखवा, प्रदर्शनात तुमच्या नावाने ठेवतो. मी एकतीस वर्षांचा होतो. मला माझ्या नावाने काहीतरी हवं होतं, काहीही. दादाची गाडी काही पुरी होणार नव्हती, असं मला खात्रीने वाटत होतं. अकरा वर्षांत झाली नाही ती काय होणार. डब्यात पडलेली पट्टी कुणाच्या कामाची? पुढे मागे मी त्याला हुबेहूब दुसरी करून देईन, त्याला कळणारही नाही. असली समजूत माणूस स्वतःची घालतो आणि ती पटतेसुद्धा. एका दुपारी दादा रंग आणायला गेला होता. मी डबा उघडला, पट्टी घेतली, रिबिटा घेतल्या. रिबिटा न घेऊन चालणार नव्हतं, नव्या रिबिटा लगेच ओळखू येतात. मग डबा फळीवर ठेवला.

त्याच दुपारी वहिनीने गॅरेज झाडलं. रंग मारायचा तर धूळ नको, म्हणून. हा निव्वळ योगायोग, माझा त्यात काही हात नव्हता, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा स्वतःशी म्हटलं आहे की त्यात अर्थ उरलेला नाही. दोन दिवसांनी रंग वाळला. दादाने डबा उघडला. आधी तो नुसताच बघत राहिला. मग डबा उलटा करून हातावर आपटला. मग म्हणाला, इथे कुणी हात लावला होता? वहिनी दारात उभी होती, कणकेचे हात घेऊन. ती म्हणाली, मी झाडलं होतं परवा. एवढंच. त्यानंतर गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. पण मी तोंड उघडलं. म्हणालो, झाडताना डबा पडला असेल, उघडला असेल, गेलं असेल केरात. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. आपण असं काही केलं का, हे ती आठवून बघत होती.

दादा तिला रागावला नाही. रागावला असता तर एका रात्रीत मिटलं असतं. तो उकिरड्यावर गेला. पाच दिवस जात राहिला. चाळणी घेऊन बसायचा आणि मी, मीसुद्धा, शेजारी बसून चाळायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ऊन होतं, नाकाला रुमाल बांधलेला होता, आणि माझ्या खोलीत पेटीच्या तळाशी पायमोज्यात ती पट्टी होती. सहाव्या दिवशी तो उठला, गुडघे झटकले आणि घरी आला. त्यानंतर त्या घरात एक गोष्ट सुरू झाली. वहिनी केर भरला की तो सुपलीत घेऊन आधी बोटांनी चिवडायची, मगच टाकायची. स्वयंपाकघरातला असो, अंगणातला असो. सवाष्णीने कुंकू लावावं इतक्या सहजपणे. मी ते बघायचो आणि जेवायचो.

मग प्रदर्शन. औषधवाल्यांची गाडी पहिली आली. पेपरात फोटो आला, गाडीचा आणि माझा. दादा बघायला आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, वहिनीला घेऊन. बोनेट उघडं होतं. तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. लोक शेजारून जात होते, कुणी माझी पाठ थोपटत होतं. दादा सरळ झाला, माझ्याकडे न बघता म्हणाला, “रिबिटा सरळ बसवल्यास.” आणि वहिनीला म्हणाला, चल. मी कित्येक वर्षं त्या वाक्याचा कीस काढला. शेवटी ठरवलं की ते कौतुक होतं. आकडा त्याच्या लक्षात राहिला नसणार. रस्त्याने जाताना येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर जो पोरासारखा घोकत जायचा, त्याला स्वतःच्या गाडीचा आकडा आठवला नाही, असं मी ठरवलं. त्या वर्षी मी वेगळा झालो. दुसऱ्या वर्षी तपासनीस. दादाला गाडीवाल्यांच्या मेळाव्यांत बिनपट्टीवाले म्हणू लागले. आले का बिनपट्टीवाले, बसा बिनपट्टीवाले. तो बसायचा. मी पलीकडच्या टेबलावर असायचो आणि बाकीचे हसले की मीही थोडा हसायचो, अगदी न हसणं बरं दिसलं नसतं म्हणून. नंतर तो यायचाच बंद झाला.

तर तपासणीच्या दिवशी सकाळी दहाला मी गॅरेजवर पोचलो. गॅरेज कसलं, घरामागची पत्र्याची शेड. फळ्या तशाच होत्या, पाने मोठ्यापासून लहानापर्यंत टांगलेले, आणि त्या प्रत्येकाच्या मागे भिंतीवर दादाने काढलेली त्याची आकृती, म्हणजे पाना जागेवर नसला की लगेच कळावं. गाडीवर चादर होती. वहिनीने ती काढली आणि घडी घातली, चार कोपरे जुळवून. ती वाळली होती. तिने चहा विचारला, मी नको म्हणालो, तरी तिने आणला. पुतणी परगावी असते, तिचा आग्रह आहे की आता आईने तिच्याकडे यावं. घर महिनाअखेर सोडायचं. गाडीचं काय, हा प्रश्न होता. वहिनीने मला सगळं नीट समजावून सांगितलं, जणू मी परका. वाहनांच्या संग्रहालयाने गाडी घ्यायची तयारी दाखवली आहे. अख्खी ठेवणार आहेत, काचेमागे नाही, दोरीमागे, आणि खाली पाटी लावणार आहेत : ही गाडी अमुक यांनी अकरा वर्षं खपून उभी केली. दादाचं नाव. पण संघाचा दाखला हवा, गाडी खरी असल्याचा. दाखला नसेल तर ते घेणार नाहीत. मग औषधवाल्यांचा मुलगा आहे. त्याचा माणूस येऊन गेला होता. त्यांना गाडी नको, सुटे भाग हवेत. दारं, पुढची जाळी, इंजिन. त्यांच्या गाडीला घालायला.

त्यांच्या गाडीला. मी चहाचा घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवला. म्हणजे पट्टी तिकडे होतीच, आता दारंही जाणार, जाळी जाणार, इंजिन जाणार. खोटी गाडी खऱ्या गाडीचा एकेक तुकडा गिळत खरी होत जाणार. आणि भाग बसवून झाले की ती कागदावर घ्यायला मलाच बोलावतील. मी भिंग काढीन. इतकं बिनचूक सगळं जुळून येत होतं की मला क्षणभर हसूच आलं. वहिनी म्हणाली, “भाऊजी, माझ्यामुळे यांचं नाव गेलं. तेवढं परत आलं की मी सुटले.” असं ती सरळ म्हणाली, भाजी निवडताना बोलावं तसं. मी म्हणालो, बघतो. हे बघतो म्हणजे माझ्या तोंडचं कोमट पाणी आहे, कुठेही ओतायला बरं.

मी गाडी बघू लागलो. वहिनी बाहेर जाऊन पायरीवर बसली, मला मोकळं वाटावं म्हणून. बोनेट उघडलं. पट्टीच्या जागी दोन भोकं होती. दादाला पट्टी करून बसवता आली असती, त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. त्याने बसवली नव्हती. भोकंही बुजवली नव्हती, फक्त कडांना गंज लागू नये म्हणून तेलाचं बोट फिरवलेलं होतं, आणि ते तेल सुकून काळं झालं होतं. मी दारं पाहिली, जाळी पाहिली, वेळ काढला. कुठे बघायचं ते मला माहीत होतं. शेवटी मागची गादी उचलली. उजवी तुळई. रंग शाबूत होता, वर धुळीचा थर. मी पटाशीने रंग खरवडला. खाली लोखंड लागायला हवं होतं. लागली लांबी.

तुळईवर लांबी कुणी भरत नाही. तिथे खड्डा पडत नाही, दिसण्यासारखी ती जागा नाही. मी भिंग काढलं. मग ठेवून दिलं आणि बोट फिरवलं. हात आधी. लांबीच्या मधोमध एक बारीक सरी होती, केसाएवढी, वीतभर लांब, सरळ. मला दुसरं काही बघायची गरज नव्हती. तरी मी पटाशी खुपसली. लांबीचे तुकडे खाली पडत राहिले, करडे, कडक, आणि खालून एक आडवी रेघ आली, मग तिला धरून तिरकी रेघ, आणि खाली तुटका पाय. सात. मी थांबलो.

म्हणजे त्याला माहीत होतं. प्रदर्शनातून घरी येऊन त्याने हे केलं होतं. त्याला फक्त गादी उचलून चार लोकांना बोलवायचं होतं. हा बघा आकडा, आणि तो बघा तिकडे माझ्या भावाच्या गाडीवर. एका दुपारचं काम. मी पुन्हा कुठल्याही गॅरेजच्या दारात उभा राहू शकलो नसतो. त्याने तसं केलं नाही. त्याने लांबी कालवली, तीन बोटांनी माझी चोरी सपाट केली, वर रंग दिला आणि बिनपट्टीवाले म्हणून घेत जगला. मोठा भाऊ. वाढवलेलं पोर. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. कुणी सांगितलं होतं त्याला? एकदा माझी गचांडी धरली असती, दोन कानाखाली ओढल्या असत्या, तर मी पाय धरून मोकळा झालो असतो. त्याने मला झाकलं, आणि झाकायला वापरलं कुणाला, तर वहिनीला. तिला एका शब्दाने सोडवता आलं असतं. तू नाही टाकलीस, एवढं अंधारात कुशीवर वळून म्हणायला काय लागतं? पंचवीस वर्षं ती त्याच्या डोळ्यांसमोर केर चिवडत होती आणि तो पेपर वाचत होता. मी एका दुपारी केलं ते त्याने रोज केलं. हा हिशेब मांडून मला बरं वाटलं, अगदी खरं सांगतो, छाती हलकी झाली. मग ते बरं वाटणंच इतकं किळसवाणं वाटलं की मी गाडीच्या बाहेर डोकं काढून थुंकलो.

पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं. पायरीवर वहिनीची पाठ दिसत होती, पदर खांद्यावरून घेतलेला, मान किंचित वाकडी. हाक मारावी. वहिनी, इकडे या, हात द्या. तिचं बोट धरून आकड्यावरून फिरवावं, दादाने माझं फिरवलं होतं तसं. पुढचं सगळं आपोआप झालं असतं. दाखला, दोरी, पाटी. चिटणिसाचा चेहरा. औषधवाल्यांच्या मुलाचे वकील. पंचवीस वर्षांत मी खऱ्या ठरवलेल्या गाड्यांचे सगळे मालक रांगेने. माझा मुलगा त्याच्या सासरच्या माणसांसमोर मला काय म्हणतो ते. सत्तावन्नाव्या वर्षी मी कोण, या प्रश्नाला माझ्याकडे भिंग सोडून दुसरं उत्तर नव्हतं. मी हाक मारली नाही. फळीवर ग्रीसचा डबा होता. मी बोटभर ग्रीस घेतलं आणि सातावर चोपडलं. वर मुठीने धूळ दाबली. माझ्या बोटांची टोकं सगळी शाबूत आहेत, त्यामुळे सरी वगैरे काही उमटली नाही. गादी जागेवर ठेवली. ग्रीसच्या डब्याचं झाकण लावलं, टक् होईपर्यंत.

बोनेटवर कागद ठेवून मी अहवाल लिहिला. मूळ ओळख सिद्ध करता येत नाही. हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं आहे, हात आपसूक चालतो. वहिनी आत आली होती. तिला वाचायला दिला. तिने ओठ हलवत वाचला, मग उलटून मागे काही आहे का पाहिलं. मागे काही नव्हतं. मी काहीतरी म्हणालो, नियम, नाइलाज, संग्रहालयाचे लोकही कडक असतात. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने फळीवरून तो गोल डबा काढला. तोच. इतकी वर्षं तो तिथेच होता, रिकामा. तिने तो दोन्ही हातांत धरला.

“एक विचारू? तुम्ही यातले जाणकार म्हणून विचारते. यांना विचारलं होतं एकदा, तर ताटावरून उठून गेले. परत विचारलं नाही.” तिने डब्यावर अंगठा टेकवला. “त्या दिवशी यांनी हा उघडला ना, तेव्हा झाकण लागलेलं होतं. यांना जोर करावा लागला. मी दारातून बघत होते. माझ्या हातून पडून उघडला असेल, तर झाकण कुणी लावलं, भाऊजी?”

ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा बघितलं होतं तसंच, राग नाही, काही नाही. आणि मला अगदी स्वच्छ कळलं की उत्तर तिच्याजवळ होतं, फार वर्षांपासून होतं, आणि ती अर्जात कारण लिहून, चहा करून, पायरीवर जाऊन बसून मला सकाळपासून वाट करून देत होती. एवढंच म्हणायचं होतं, मी. एक अक्षर.

“तुम्हीच लावलं असेल, वहिनी,” मी म्हणालो. “सवयीने. लक्षात राहत नाही माणसाच्या.”

तिने मान हलवली. “असेल,” म्हणाली. डबा फळीवर ठेवला, होता त्याच जागी, धुळीत उमटलेल्या गोलावर. मग कोपऱ्यातला झाडू घेतला. मागच्या चाकाशी लांबीचे तुकडे पडले होते, करडे, मी खरवडलेले. म्हणालो, राहू द्या, मी करतो. तिने ऐकलं नाही. खाली बसली, सगळं एका जागी ओढलं, सुपलीत भरलं आणि त्यात बोटं घातली. दादाच्या हातची लांबी तिच्या बोटांमधून जात होती. एक तुकडा तिने उचलला, त्याची सपाट बाजू अंगठ्याने चाचपली, पुन्हा चाचपली, आणि परत सुपलीत टाकला. मी कागदाची घडी घालत होतो. घडी नीट होत नव्हती.

“यात काही नाही,” ती म्हणाली आणि सुपली बाहेर नेऊन झटकली.